चोर आत आणि चावी शीळफाट्याला

साहेबांचे ओठ निळे पडायला लागले होते. तिजोरीच्या खोलीचं लोखंडी दार बाहेरून बंद होतं. चावी घेऊन दरोडेखोराचा मेहुणा पळालेला, आणि दरोडेखोर स्वतः माझ्या शेजारी फरशीवर बसून रडत होता.

"मावशी, काहीतरी करा ना."

"मी करू? दरोडा कोणी घातला, मी का तू?"

साहेबांच्या छातीतून पिपाणीसारखा आवाज येत होता. त्यांना दमा होता. दम्याचा पंप बाहेर, टेबलाच्या खणात. मी त्यांना नोटांनी भरलेल्या पिशवीला टेकवून बसवलं, कारण त्या खोलीत मऊ म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. शर्टाची वरची बटणं सोडली आणि ठरवलं की हा माणूस माझ्यासमोर मरणार नाही. कसा मरणार नाही, ते अजून सुचलेलं नव्हतं.

आज हे ऐकून लोक हसतात. मागच्या गणपतीत आमच्या सोसायटीने पडदा बांधून एक सिनेमा दाखवला. बावळट चोर बँक लुटायला जातात आणि स्वतःच फसतात, असा. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. पुढे बसलेली पोरं मागे वळून ओरडली, "आजी, तुमचाच पिक्चर लागलाय!" मीही हसले. सिनेमा चांगला होता. फक्त त्यात कोणाला दमा नव्हता. म्हणून या अंकाच्या संपादक बाईंनी "नोकरीतल्या आठवणी लिहा" म्हटलं, तेव्हा हीच लिहायची असं मी पक्कं केलं.

मी डोंबिवलीत एका पतपेढीत शिपाई होते. नाव लिहीत नाही. शिक्षण चौथी. नवरा गेल्यावर दीर म्हणाले, गावी चल. मी म्हटलं, गावी जाऊन तुमची भांडी घासण्यापेक्षा इथे पगार घेऊन घासते. पतपेढीत शटर उघडायचं, केर काढायचा, पाणी भरायचं, चहा करायचा, कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच. पण काउंटरच्या बाहेर उभं राहणारं माणूस म्हणजे शिपाई. आतल्या लोकांवरचा राग खातेदार आधी आमच्यावर काढतात. तो आमच्यावर निघाला की आत गेल्यावर गोड बोलतात. या कामाला पगारात वेगळी जागा नाही.

लॉकरवाल्यांना आत सोडणं हेही माझंच काम. एक म्हातारी नेमाने यायची, लॉकर उघडायची, बंद करायची आणि जायची. आत काहीच नव्हतं. तिनेच मला दाखवलं. म्हणाली, "भाडं सुनांसाठी भरते गं. त्यांना वाटतं आत पाटल्या आहेत, म्हणून मला गरम पोळी मिळते." ती वारल्यावर सुना लॉकर उघडायला आल्या, तेव्हा मी मुद्दाम चहा करायला आत गेले. हसू आवरलं नसतं. दुसरे एक पेन्शनर काका रोज दुपारी पासबुक भरून मागायचे. त्यात नवीन काही नसायचं. घरी बायको मालिका बघायची, म्हणून ते आमच्या पंख्याखाली बसायचे. मी त्यांना उठवलं नाही कधी. खुर्ची काही झिजत नव्हती.

आता त्या खोलीबद्दल. आमची इमारत जुनी. तळमजल्यावर आधी किराणा दुकान होतं, त्याच्या कोठाराच्या भिंती जाड करून, लोखंडी दार बसवून पतपेढीने तिजोरीची खोली केलेली. खिडकी नाही. छताजवळ हवेसाठी एक भोक, हात जाईल एवढं, त्याला जाळी. ते मागच्या डक्टमध्ये, पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडायचं. पंखा होता, पण त्याचं बटण बाहेर. आत मोठी तिजोरी, लॉकर आणि भिंतीवर लक्ष्मीचा फोटो. त्यामुळे आत जाताना चपला बाहेर काढायच्या, ही आमची पद्धत. दाराची चावी नियमाप्रमाणे साहेबांच्या खिशात हवी. दिवसा ती दारालाच लटकलेली असायची, कारण दर वेळी उठून कोण देणार? बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, फक्त कोणी सांगत नाही.

दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी लक्ष्मीची पूजा करायची. त्या शुक्रवारी कॅशियर जेवायला घरी गेलेला, वॉचमन वडापाव खायला. शटर अर्धं खाली. मी आत धूप लावला, घंटा वाजवली. साहेब उंबऱ्याशी अनवाणी उभे होते. धुराने त्यांना खोकला यायचा, म्हणून धूर बसेपर्यंत ते बाहेरच थांबायचे आणि मग नमस्काराला आत यायचे. ते आमचे मॅनेजर, नाव प्रधान. मऊ माणूस, कोणावर आवाज चढवला नाही कधी.

शटरखालून दोघं वाकून आत आले.

"जेवणाची सुट्टी आहे," मी आतूनच ओरडले.

"आम्ही जेवायला नाही आलो," एक जण म्हणाला.

तोंडाला रुमाल बांधलेले. बारक्याच्या हातात कोयता, त्यावर दुकानाचा किमतीचा कागद तसाच चिकटलेला. जाड्याच्या हातात साड्यांच्या दुकानातली मोठी पिशवी. बारक्या साहेबांना कोयता दाखवत उभा राहिला आणि जाड्या खोलीकडे आला. उंबऱ्याशी माझ्या आणि साहेबांच्या चपला दिसल्या. तो थांबला आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"भावजी! बूट काय काढताय?" बारक्या किंचाळला.

"अरे, आत लक्ष्मी आहे."

असा दरोडा सुरू झाला.

तिजोरी उघडीच होती. त्याने पिशवी भरली. मी बाजूला भिंतीला चिकटून उभी. घाबरले नव्हते असं नाही, पण कोयता बाहेर होता आणि हा आतला माणूस नोटा भरताना "सॉरी हां मावशी" म्हणत होता. पिशवी भरून झाल्यावर निघायचं सोडून तो फोटोसमोर उभा राहिला, रुमाल गळ्यात ओढला आणि हात जोडले. मी बघतच राहिले.

"असं काय बघता? देवापुढे तोंड झाकून कसं उभं राहायचं?" तो म्हणाला. त्याने कपाळाला कुंकू लावलं आणि प्रसादाला हात पुढे केला. माझ्या हातात खडीसाखरेची वाटी होती. सवयीने मी ठेवली त्याच्या हातावर.

तेवढ्यात रस्त्यावर सायरन वाजला. ती रुग्णवाहिका होती, हे नंतर कळलं. बारक्याची पाचावर धारण बसली. गडबड झालीच तर सगळ्यांना आत कोंडून पळायचं, असं त्यांचं ठरलेलं. त्याने साहेबांना आत ढकललं. आत त्याला एक बाई दिसली आणि कपाळाला कुंकू लावलेला, अनवाणी, हात जोडून उभा असलेला एक माणूस. घाईत त्याला भावजी ओळखूच आला नाही, त्याने सगळ्यांना कोंडलं. चावी फिरवली, काढून घेतली आणि गाडीत बसून पळाला. भावजी आत, पैसे आत, आणि हा रिकाम्या हाताने शीळफाट्याच्या दिशेने.

"बंटी! अरे मी आहे आत! बंट्या!" जाड्याने दारावर गुद्दे घातले. लोखंडाला काय कळतं. मोबाइल काढला, तर रेंज नाही.

साहेबांना खोकला सुरू झाला होता. धुपाचा सगळा धूर आमच्याबरोबर कोंडलेला. मी तांब्यातलं पाणी धुपावर आणि निरांजनावर ओतलं. धूर आणखी वाढला आणि मग बसला, पण साहेबांचा श्वास काही बसेना. मग ते मी सुरुवातीला लिहिलं तसं झालं.

"नाव काय तुझं?" मी जाड्याला विचारलं.

त्याने रुमाल पुन्हा तोंडावर ओढला.

"थोबाड बघितलंय मी तुझं. नाव सांगायला आता लाज कसली?"

"विलास."

"राहतोस कुठे?"

"टिटवाळा. मावशी, मी खरंच असा नाही हो. टेम्पो होता माझा. तो..."

"ते पोलिसांना सांग. डोळे पूस आणि भिंतीला लागून खाली बस."

"कशाला?"

"मला खांद्यावर घे. त्या भोकापर्यंत पोचायचंय."

"मावशी, पडाल तुम्ही."

"पडले तर तुझ्यावरच पडेन. बस."

मी पदर खोचला आणि दरोडेखोराच्या खांद्यावर उभी राहिले. तो भिंत धरून हळूहळू उठला. त्याच्याकडे एक स्क्रू ड्रायव्हर होता, कुलपासाठी आणलेला, त्या दिवशी त्याने काहीच उघडलं नव्हतं. मी त्या स्क्रू ड्रायव्हरने जाळी उचकटली. गंजलेली होती, निघाली. भोकातून हवा आली, पण डक्टमधली हवा ती. साहेबांना पुरणारी नव्हती.

मी पूजेची घंटा भोकाशी धरून जोरजोरात वाजवली.

भोकाच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर दामले वहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी. त्यांचं माझं बोलणं बंद होतं. त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी आमच्या पायरीवर गळायचं, त्यावरून. खिडकी उघडली.

"साहेब, आरती झाली वाटतं! प्रसाद ठेवा हो!" आणि खिडकी बंद.

मी पुन्हा घंटा वाजवली, ताम्हण बडवलं, "वाचवा, कोंडलोय आम्ही" म्हणून ओरडले. वर कुकरची शिट्टी. बाई ऐकत असणार, पण मी रोजच कोणावर ना कोणावर ओरडत असते. आणि मी ओरडले तर ऐकायचंच नाही, असं त्यांनी ठरवलेलं.

"मावशी," खालून विलास म्हणाला, "साहेब डोळे मिटतायत."

"साहेब!" मी वरूनच ओरडले. "झोपायचं नाही. विलास, त्यांच्याशी बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल! खातं उघडायचंय म्हण!"

"साहेब," विलास खरंच म्हणाला, "खातं उघडायला काय काय लागतं?"

साहेबांनी एक डोळा उघडला. "आधार..." म्हणाले आणि पुन्हा खोकले. पण डोळा उघडा राहिला.

मग मी विचार केला की ही बाई माझ्या मदतीला येणार नाही. माझ्याशी भांडायला मात्र नक्की येईल. त्यांचा मुलगा केदार. चाळिशीला आलेला, लग्न जमत नव्हतं, आणि त्याबद्दल इमारतीत कोणी अवाक्षर काढायचं नाही, असा नियमच होता. मी पोटातली सगळी हवा गोळा केली.

"दामले वहिनी! तुमच्या केदारचं लग्न जमत नाही ना, ते त्याच्या पगारामुळे नाही! तुमच्या तोंडामुळे!"

खिडकी फटकन उघडली.

"काय म्हणालात?"

"खाली या म्हणजे परत सांगते!"

"येतेच! थांबा तिथेच!"

"थांबलेय! लवकर या!"

गाऊनवर ओढणी टाकून बाई खाली उतरल्या. पतपेढीत चिटपाखरू नाही. काउंटरवर कोयता पडलेला. तिजोरीच्या खोलीचं दार बंद, चावी नाही, आणि दाराबाहेर माझ्या चपला, साहेबांच्या चपला आणि अनोळखी पुरुषाचे बूट. ते बघून बाईंना समजलं. तशाच दुखऱ्या गुडघ्यांनी त्या पुन्हा वर गेल्या आणि खिडकीतून ओरडल्या.

"अहो, तुम्ही खरंच आत आहात?"

"नाही, गावाला गेलेय! साहेबांना दम लागलाय! खणातला पंप आणा, उजवीकडच्या!"

"आणि ते बूट कोणाचे?"

"दरोडेखोराचे! मी त्याच्या खांद्यावर उभी आहे!"

यावर त्या काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही.

त्या पुन्हा खाली आल्या. खण उघडत होत्या, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पुढचं संभाषण मी ऐकलेलं नाही, पण दामले वहिनींनी ते नंतर इतक्या लोकांना सांगितलं, की मला पाठ आहे.

"हॅलो, पतपेढी का? आमचा एक माणूस तुमच्याकडे आत राहिलाय."

"कोण बोलतंय?"

"ते जाऊ द्या. चावी माझ्याकडे आहे. त्यांना बाहेर काढा ना."

"चावी तुमच्याकडे आणि बाहेर मी काढू? घेऊन या चावी!"

"मी शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. गाडी पुढे जात नाही, मागे जात नाही."

"मग उतरून या!"

"पोलीस पकडतील ना."

"मेल्या, आत एक माणूस दम्याने मरतोय. मेला तर खून लागेल तुला. आणि तुझा माणूसही त्याच खोलीत आहे, त्यालाही हवा नाही."

पलीकडे हॉर्न वाजत होते. त्यातच तो मुलगा रडायला लागला. "ते माझे भावजी आहेत हो. ताईला काय सांगू मी?"

"तिथे चौकात पोलीस उभा असेल, त्याच्या हातात चावी दे. ताईला मी सांगते," म्हणून बाईंनी फोन ठेवला, पोलिसांना लावला, आणि पंप घेऊन जिना चढल्या.

वहिनी रोज खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडून भाजीवाल्याकडून भाजी घ्यायच्या. त्याच पिशवीत पंप घालून त्यांनी डक्टमध्ये सोडली. मी भोकातून हात खांद्यापर्यंत बाहेर काढला. पिशवी भिंतीला घासत यायची, माझ्या बोटांना लागायची आणि निसटायची.

"डावीकडे!"

"तुमच्या डावीकडे का माझ्या?"

"वहिनी, जीव जातोय इथे!"

"मग नीट सांगा ना!"

खालून विलास म्हणाला, "मावशी, आता नाही होत."

"होत नाही म्हणजे? एवढी पिशवी उचलून पळणार होतास ना? उभा राहा!"

तो उभा राहिला. बोट बंदात अडकलं. मी पिशवी आत ओढली, पंप काढून खाली टाकला आणि विलासने एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने तो झेलला. या माणसाने त्या दिवशी बरोबर केलेली ती पहिली गोष्ट. मी उतरले. साहेबांचं तोंड उघडून पंप दाबला. पहिला श्वास नीट आत गेला नाही. पुन्हा दाबला. मी त्यांची पाठ चोळत होते, विलास पूजेच्या ताटाने वारा घालत होता. मग हळूहळू पिपाणीचा आवाज बारीक झाला. साहेबांनी आधी आमच्याकडे आणि मग आपण कशाला टेकलोय त्याच्याकडे बघितलं.

"मावशी, ही कॅश आत ठेवा," म्हणाले.

मी ठेवली. विलासने पिशवी उचलून दिली.

त्यानंतरचं बसून राहणं लांबलं. खोली तापत होती, ओठांचा निळा रंग पूर्ण गेला नव्हता, आणि पंपात किती औषध आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. मी साहेबांना बोलतं ठेवलं. झोप आली की चिमटा काढायची. मॅनेजरला चिमटा काढायचा योग पुन्हा येणार नव्हता. दामले वहिनी खिडकीतून सारखं विचारत होत्या, "आहेत ना?" मी ओरडायची, "आहेत!" विलास म्हणायचा, "मीही आहे." त्याला कोणी विचारलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा बाहेर अर्धी इमारत जमलेली. वाहतूक पोलीस मोटरसायकलवरून उलट्या बाजूने आलेला, मागे बसलेल्या बंटीच्या मुठीत चावी. त्याने आत येऊन विलासला मिठी मारली. विलासने आधी त्याच्या कानाखाली वाजवली आणि मग त्यालाच धरून रडला. पोलिसांनी दोघांनाही नेलं. साहेबांना खुर्चीवर बसवून बाहेर काढलं आणि दवाखान्यात हलवलं. मी खोली झाडून घेतली. धुपाच्या राखेचा चिखल झाला होता आणि संध्याकाळी कॅशियरला तिथेच बसून काम करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, मॅनेजर व एक महिला कर्मचारी बचावले. महिलेचं नाव नव्हतं. वरच्या ऑफिसातून साहेब लोक आले, कॅमेरे बसवले, चावी खिशात ठेवायचा हुकूम काढला, पंख्याचं बटण आत घेतलं. मला पेढे दिले. मी म्हटलं, पेढे नकोत, मला कायम करा. ते म्हणाले, बघू. मी निवृत्त होईपर्यंत ते बघत होते.

कोर्टात मी साक्ष दिली. विलासच्या वकिलाने विचारलं, "यांनी तुम्हाला काही त्रास दिला का?" मी म्हटलं, नाही, उलट खांद्यावर घेतलं. त्याला बरं वाटलं असावं. मग सरकारी वकिलाने विचारलं, "दरोडा घालणारा हाच का?" मी म्हटलं, हाच. विलासची बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी दोन तोंडांनी बोलले. दोन्ही खरं होतं, त्याला मी काय करू?

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. साहेबांचा जीव दामले वहिनींमुळे वाचला आणि त्यांना मी बोलू नये ते बोलले होते. माफी मागायला वर गेले, तर दार लोटलं त्यांनी. पुढे केदारचं लग्न जमलं. पत्रिका सगळ्या पतपेढीला आली, मला सोडून. ते वाक्य पुन्हा बोलायची वेळ आली तर मी पुन्हा बोलेन, आणि पत्रिका पुन्हा येणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

साहेब आता ठाण्यात, नौपाड्याला मुलीकडे असतात. विलास शिक्षा भोगून आला, टिटवाळ्यात रिक्षा चालवतो. मी डोंबिवलीतच आहे. त्या खोलीत आम्ही तिघं होतो, तिघंही जगलो.